कॅचरची निष्पक्ष निवड

१२ जानेवारी, रविवार
सफाळ्याच्या बायकांशी सॉफ्टबॉलची मॅच ठरली. २६ तारखेला, सालवडच्या मैदानावर. बोईसरची कॅप्टन मी. कॅचरच्या जागेसाठी उमेदवार दोन. किंजल, वय तेवीस, बॉल कुंपणापलीकडे मारते. आणि मी, पंचेचाळीस, शाळेत असताना जिल्ह्याची कॅचर. तीस वर्षांनी त्या जागी पुन्हा बसायचंय. पण निर्णय निष्पक्षच घेणार. कॅचर बॅटिंग करणारीच्या मागे बसते ती बॉल अडवायला. तिची बॅटिंग बघणं म्हणजे वॉचमनला गाता येतं का विचारणं. निवड: मी.

१५ जानेवारी
फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर प्रॅक्टिस. माझ्याकडून पाच बॉल सुटले. ऊन डोळ्यांवर. दर वेळी पहिल्या बेसवरची खेळाडू दुसऱ्यावर गेली. चालत! बॉल टाकणारी बायडी म्हणाली, ताई, जरा खाली बसा ना. म्हटलं, बसलेच आहे. म्हणे, नाय ताई, तुमी उभ्याच हाव.

१६ जानेवारी, सकाळी
माझा विचार जुनाट होता. बॉल सुटला तर एक बेस जातो, फटका बसला तर रन येतात. कॅचर बॅटिंगवरच निवडायला हवी.

संध्याकाळी
दहा बॉल खेळले. एक लागला, दंडाला. किंजलने मारलेला एक कुंभवलीच्या दिशेने गेला, अजून सापडलेला नाही. वारा तिच्या बाजूने होता.

१९ जानेवारी
तटस्थ माणूस म्हणून नवऱ्याला विचारलं. ललित म्हणाला, किंजलला घे. तटस्थ माणसांना खेळातलं काही कळत नाही. गुडघ्यांना तेल मात्र त्यानेच चोळून दिलं.
अडवणं आणि मारणं, दोन्हींच्या वर असतो आवाज. कुणी कुठे उभं राहायचं ते कॅचर ओरडून सांगते. आवाजात किंजल माझ्या जवळपासही नाही. निवड: मी.

२३ जानेवारी
टीमला निर्णय सांगितला. सगळ्या आपापल्या बुटांच्या नाड्या बघत बसल्या. बायडी म्हणाली, ताई, तुमच्याशिवाय टीमच नाय. पण मागं किंजलला बसू द्या. विचार करते म्हटलं. केला. मीच.

२६ जानेवारी
सफाळ्याच्या आठच जणी आल्या. त्यांच्या कॅचरच्या घरी हळद. पाहुणे कमी पडले तर आपला एक खेळाडू द्यायचा, ही आपली रीत. मी विचारलं, कोण जाईल? सगळी बोटं माझ्याकडे. किंजल तर माझी बॅग त्यांच्या बाजूला ठेवूनही आली.
तर सफाळ्याची कॅचर मी. आवाज उत्तम लागला. बोईसरच्या मुलींनी आठ वेळा दुसरा बेस गाठला. बायडी जाता जाता मला टाटा करत होती. बोईसर चौदा, सफाळे तीन.
मॅच संपल्यावर बायडी पळत आली, सगळ्यांसमोर मिठी मारली. म्हणाली, ताई, आज तुमच्यामुळंच जिंकलो आमी!
तोंडावरचा कॅचरचा जाळीचा मास्क काढायला मी जरा वेळ घेतला.