स्टेजवर मिळालेली सायकल

कासार आंबोली,
गुरुवार

तीर्थस्वरूप दादासाहेब मामांना भाचा हैबत याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, मामींचा खोकला थांबला का, म्हैस गाभण राहिली का, हे सगळं आधीच विचारून घेतो, कारण पुढे माझा तोल जाणार आहे आणि मग विचारायचं राहून जाईल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (खुशाल म्हणजे जेवतो आणि झोपतो. तुमची भाचेसून जया माझ्याशी बोलत नाही आणि पोरगी रेश्मा माझ्याकडे बघत नाही, पण प्रकृती सगळ्यांची उत्तम.) फोनच केला असता, पण तुम्ही फोनचा आवाज मोठा करून ओट्यावर ठेवता आणि पौडचा निम्मा बाजार आमच्या घरचं ऐकतो. म्हणून पत्र.

उद्घाटनानंतर विद्यापीठाच्या सायकलींचं काय झालं ते तुमच्या कानावर आलंच असेल, आणि जे आलं असेल त्यात चोर मीच असेन. तर आता खरं ऐका. आमचे कुलसचिव साहेब (म्हणजे विद्यापीठाचा सगळा कारभार बघणारे, आणि माझ्यावर खेकसणारेही तेच) कुठल्याशा देशाला जाऊन आले. तिथं म्हणे विद्यार्थी फुकटच्या सायकलींवर हिंडतात. घ्या, चालवा, पोचलात की तिथंच ठेवा, पुढचा नेईल. कुलूप नाही, भाडं नाही. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. इकडे लगेच पिवळ्याधमक चाळीस सायकली आल्या आणि रविवारी सकाळी उद्घाटन ठरलं. रविवारी सकाळी एकही विद्यार्थी अंथरूण सोडत नाही हे साहेबांच्या शनिवारी संध्याकाळी लक्षात आलं. मग हैबतला बोलवा. गावातून माणसं आण, शाळेच्या मुली आण, पण खुर्च्या भरल्या पाहिजेत. मामा, मला योजना कुणी समजावलीच नाही. मला फक्त खुर्च्या समजावल्या.

पुढचं तुम्ही पहिल्या रांगेत बसून बघितलंच आहे. मांडव, पाहुण्यांना फेटा, सायकलींना झेंडूचे हार, नारळ. फोटोवाल्याला नुसत्या सायकलींचे फोटो पसंत पडेनात, म्हणून निवेदन करणाऱ्या बाईंनी आपल्याच लोकांना एकेक करून वर बोलावलं. पाहुण्यांनी हँडल हातात द्यायचं, फोटो, टाळ्या, पुढचा. आता आपल्या तालुक्यात स्टेजवर पाहुण्याच्या हातून, फोटो काढून मिळालेली वस्तू घरी न्यायची असते. शिलाई मशीन असो, फवारणीचा पंप असो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. (कळलं नाही ते फक्त नावापुढे डॉक्टर लावणाऱ्यांना.) आभाराचं भाषण संपायच्या आत सगळ्या सायकली फाटकाबाहेर पडल्या होत्या. माळावर मेंढरं बसवणाऱ्या तुळजाबाईनं तर फाटकातच चाकाला हळदकुंकू लावलं आणि नात सोनालीला सीटवर बसवलं. आमच्या रेश्माचं नाव आलं तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या मी वाजवल्या. पोर यंदा दहावीला आहे, रोज हायस्कूलला पायी जाते, रस्त्याच्या कडेनं, हिंजवडीकडे धावणाऱ्या गाड्या चुकवत. घरापर्यंत मी तिचं कॅरिअर धरून पळत गेलो. विद्यापीठाला जमीन दिल्यापासून तिकडून पहिल्यांदाच काहीतरी आपल्याकडे आलं, असं मला वाटलं. फार बरं वाटलं.

सोमवारी साहेबांनी विचारलं, सायकली कुठं आहेत? मी म्हणालो, ज्याच्या त्याच्या घरी. साहेब म्हणाले, की सायकली विद्यार्थ्यांच्या आहेत, ती माणसं फोटोपुरती होती, आजच्या आज गोळा करून आण. नऊ वर्षं मी कंत्राटावर आहे आणि मला कायम करायचा विषय या महिन्यात निघणार आहे, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं. गावाला बोलायला जागा राहू नये म्हणून मी टेम्पो घेऊन आधी स्वतःच्या घरी गेलो. रेश्मा अंगणात चाकाच्या तारा पुसत होती. तिनं फडकं पिळून वाळत घातलं आणि म्हणाली, "आप्पा, काल टाळ्या तर तुमीच वाजवत हुता." त्यानंतर आजपर्यंत आमचं बोलणं हो-नाहीच्या पुढे गेलेलं नाही.

गावात शिव्या बसतील, एखादा अंगावर येईल, अशी माझी तयारी होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांनी निमूटपणे सायकली टेम्पोत चढवल्या आणि वर मलाच पाणी विचारलं. तुळजाबाई तेवढी म्हणाली, "न्यायचीच हुती तर कुकू कशापायी लावू दिलंस रं?" मला लाज वाटली, मामा. अजून वाटते.

बरं, आणून केलं काय? विद्यापीठ पडलं टेकडीवर. पोरं वसतिगृहातून फाटकापर्यंत उतारानं सुसाट येतात, सायकल फाटकाशी टाकतात आणि रिक्षात बसतात. चढ कोण चढणार? म्हणून रोज संध्याकाळी मी सगळ्या सायकली डिझेलच्या टेम्पोत भरून वर नेतो, म्हणजे सकाळी त्या पुन्हा खाली येतील. धूर कमी व्हावा म्हणून काढलेली योजना आहे ही. दोन सायकली तळ्यात सापडल्या, एक आंब्याच्या झाडावर. (ती झाडावर कशी गेली यावर समिती नेमली आहे. तिच्या बैठकांना मीही असतो, चहा घेऊन.) ज्या रस्त्यानं सोनाली आणि रेश्मा दप्तर घेऊन चालत जातात, तिथंच फाटकाशी या सायकली आडव्या पडलेल्या असतात. पोरी बघतात आणि पुढे जातात.

आता तुमच्या सायकलीचं. सगळ्यांच्या आल्या, एक तुमची राहिली. मानाची म्हणून तुम्हाला पहिली दिली होती. गुडघ्यामुळे तुम्हाला पायडल मारवत नाही, सायकल गोठ्यात उभी आहे आणि तिच्यावर पेंडीची पोती वाळतात, असं मामीच म्हणाल्या. एक कमी आहे, एक कमी आहे, असं साहेब दिवसातून चारदा म्हणतात. जमिनीच्या वेळी आमच्या घरी बसून तुम्हीच समजावलं होतं, की द्या, भाच्याला कायमची नोकरी लागेल. ती कायमची नोकरी सध्या तुमच्या गोठ्यात उभी आहे, मामा. तेवढी पाठवून द्या. मामींना नमस्कार सांगा, त्यांच्यावर माझा राग नाही.

तुमचा भाचा,
हैबत

ता. क. : पत्र दोन दिवस खिशातच राहिलं, तेवढ्यात साहेबांचा विचार फिरला. चढावर सायकल कुणी चालवत नाही असं त्यांच्या लक्षात आलं आहे. (रोज टेम्पो भरणाऱ्याच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं.) तेव्हा आता त्या सायकली आसपासच्या गरजू मुलींना कायमच्या द्यायच्या ठरल्या आहेत. पुढच्या रविवारी पुन्हा मांडव, पुन्हा पाहुणे, पुन्हा फोटो. तुमची सायकल लवकर परत करा, म्हणजे ती वाटता येईल. पण गावातली एकही पोर यायला तयार नाही. तुळजाबाईनं तर मेंढरंच पुढच्या माळावर हलवली. साहेब म्हणतात, आधी तुझ्या मुलीला स्टेजवर उभं कर, तिच्यामागून बाकीच्या येतील, आणि तुझ्या कायम नोकरीचं तिथंच जाहीर करू.

आणखी एक ता. क. : रेश्मा नाही म्हणते. कायमची मिळतेय, घ्यायला काय जातं, असं मी तिला काल विचारलं. ती म्हणाली, "आन परत न्यायला टेम्पो घेऊन कोण येनार, तुमीच ना?" पोर साऱ्या जगात एक तुमचं ऐकते, हे मी साहेबांजवळ बोलून बसलो आणि तुम्हाला त्या रविवारी बोलावून घेण्याचं कबूल केलं. तेव्हा पुढच्या रविवारी जेवायला नक्की या, मामींना घेऊन या. पण रेश्माला समजावू नका. तुम्ही समजावलंत तर ती जाईल.