सहा हजार चारशे पॉइंट आणि सुन्निवाबाईंना दिलेली नोटीस

प्रति,
मा. ग्राहक तक्रार अधिकारी,
फ्योर्डबिल भाडेगाडी कंपनी,
मुख्य कार्यालय, बर्गन.

विषय : साठवलेल्या पॉइंटांवर तीन दिवसांची मोफत गाडी न मिळाल्याबाबत व त्यानंतर घडलेल्या प्रकाराबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे सात अर्ज, व सातही वेळा आलेले एकच उत्तर.

महोदया,

१. मी चर्चमधले ऑर्गन सुरात लावण्याचे काम करतो. अवजारांच्या पेट्या बसमध्ये मावत नसल्याने गेली अकरा वर्षे आपल्याच गाड्या भाड्याने घेत आलो आहे. त्यातून सहा हजार चारशे पॉइंट साठले. सहा हजारांवर तीन दिवस गाडी मोफत, असे आपले माहितीपत्रक सांगते. माझी थोरली बहीण बोर्गहिल्ड हिची सत्तरी १३ मे रोजी फर्डे येथे होती. त्या मोफत गाडीने येतो, असे मी तिला मोठ्या तोऱ्यात कळवले होते.

२. पॉइंट फक्त विमानतळावरच्या काउंटरवर वापरता येतात, असे समजले. तिकडे चौकशीला जाण्यासाठी मी आठवडाभर आधी आपलीच गाडी एका दिवसासाठी भाड्याने घेतली. तिचे नव्वद पॉइंट मिळून मी रौप्य श्रेणीतून सुवर्ण श्रेणीत गेलो. अभिनंदनाच्या संदेशातच लिहिले होते, की रौप्य श्रेणीतले पॉइंट सुवर्ण श्रेणीत चालत नाहीत. मला खाली उतरवा, अशी मी फोनवर विनंती केली. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, लोक वर चढायला धडपडतात. तुम्हीच पहिले." तरीही मी लेखी अर्ज केला. सुवर्ण ग्राहकांच्या खास विभागाने तो अत्यंत तत्परतेने फेटाळला.

३. तरीही दि. १३ रोजी मी विमानतळावर गेलो. काउंटरवर श्रीमती सुन्निवा मिक्लेबुस्ट होत्या. बाहेर चाळीस गाड्या उभ्या होत्या. बाईंनी दोन तास संगणकाशी झुंज दिली. पैसे भरून गाडी घ्या, असे त्यांनी एकदा सुचवले. माझा चेहरा पाहून पुन्हा सुचवले नाही. शेवटी त्यांना एक नियम सापडला : ग्राहक वारल्यास पॉइंट वारसाला मिळतात. "पण तुम्ही जिवंत आहात, तीच अडचण आहे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात त्यांची कामाची पाळी संपली. "चला, बसा माझ्या गाडीत. माझं माहेर त्याच वाटेवर आहे."

४. त्यांच्या जुन्या गाडीत, पोराच्या खुर्चीला खेटून, मी फर्डेला पोहोचलो. बोर्गहिल्डने त्यांना जेवल्याशिवाय सोडले नाही. हे मीच मागच्या अर्जात कौतुकाने लिहिले. एवढ्यावरून, सुवर्ण ग्राहकास "स्पर्धक वाहतूक सेवा" पुरवली, म्हणून आपण बाईंना नोकरीवरून काढण्याची नोटीस दिली आहे.

५. सबब, ती नोटीस मागे घ्यावी. बदल्यात माझे सगळे पॉइंट रद्द करावेत. तक्रार माझी होती. शिक्षा त्यांना नको. अडलेल्या माणसाकडे मान वर करून बघणारे त्या काउंटरवर दुसरे कोणी नाही.

कळावे.

आपला नम्र, व नाइलाजाने सुवर्ण,
ओड्डवार हेगलांड
वॉस, दि. २२ मे २०२३

सोबत :
(१) नोटिशीची प्रत.
(२) बोर्गहिल्डचे आपणांस पत्र. त्यातल्या शेवटच्या चार ओळींबद्दल मी आधीच क्षमा मागतो. त्या खोडायला तिने नकार दिला.