सगळ्यात मोठ्या साइजचा फोटो

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार, आणि तुमच्या कॅमेऱ्याला वेगळा नमस्कार.

जमलं बाबा, जमलं! आज आईचा फोटो दाराएवढा छापला आणि अख्खी लॅब बघायला गोळा झाली. मशीनवाल्या काकांनी विचारलं, "वडील फोटोग्राफर आहेत का?" मी म्हटलं, नाही, हट्टी आहेत.

मागच्या वेळी कार्डात जास्त फोटो मावावेत म्हणून तुम्ही साइज सगळ्यात लहान ठेवलीत आणि छापल्यावर आईच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले. या वेळी मी सांगितलं तसंच केलंत: साइज सगळ्यात मोठी, क्वालिटी फाइन, आयएसओ शंभर, खिडकीचा उजेड आणि कॅमेरा स्टुलावर टेकवलेला. आता साडीचा धागा न् धागा मोजता येतो. ती ठेवणीतलीच ना?

मागच्या कपाटाच्या काचेत तुम्हीही आलाय. स्टुलामागे वाकलेले, मनगटाला काठी अडकवलेली. काठी कधीपासून आली, बाबा? फोनवर ती ऐकू येत नाही. डॉक्टरांना दाखवलंत का? आईला विचारून उपयोग नाही, ती तुमचीच बाजू घेणार.

माझी काळजी करू नका. जेवण, झोप सगळं वेळेवर आहे. आईने मागितलेला माझा फोटो सोबत पाठवतेय. तो मात्र मुद्दाम लहान साइजवर काढलाय. मोठ्या फोटोत घरची माणसं काय काय शोधून काढतात, ते मला आजच कळलंय.

तुमच्याइतकीच हट्टी,
धाकटी