बत्ती विझली का समज जुळलं

आसगाव

प्रिय योगेंद्र,

फोनवर तू मले बोलू देत नाही, म्हनून लिवून राहिलो. रायपूरले क्वार्टर भेटलं, चांगलं झालं. टीनाले घेऊन जा, माहं काही म्हननं नाही. पन तो रेडिओचा पसारा इकूनच ये, आजूबाजूचे सायेब लोक हासतीन, असं तू तिले म्हटलं. इकाच्या आंधी तो काय हाये, हे तरी आयक. पहिले मीबी तुह्यासारखाच चिडलो होतो. शिकलेली सून, परीक्षा देऊन रेडिओवरून बोलाचं सरकारचं लायसन काढलेली, अन् दिवसभर तारा घेऊन बसते! मले असले चोचले जमत नाही.

मंग एक दिवस तिनं माहा बंद पडलेला रेडिओ मांगतला. त्यातला गँग काढला, आपन स्टेशन लावाले जे फिरवतो ना, ते. मोटरपंपाची तांब्याची तार उरली होती, ती मीच पाइपाच्या तुकड्यावर गुंडाळून देल्ली. जशी आली तशी, एकावर एक. तिनं सारी उकलाले लावली. म्हने, "मामाजी, येढ्याले येढा लागून पाहिजे, वर चढून नाही." दोन्ही चिजा लोनच्याच्या रिकाम्या डब्ब्यात बसवल्या, झाला तिचा ट्यूनर. बाहेर बांधलेली तार लांब असो का आखूड, हा डब्बा तिची अन् टीनाच्या बोलाच्या रेडिओची जुळनी लावून देते. नाही जुळलं तर बाहेर जानारी ताकद वापस येते, धानाच्या बांधीचं तोंड बुजलं का पानी मांगं फिरते ना, तसं.

अन् ताकद तरी केवढी? देवघरातल्या बल्बाएवढी. तेवढ्यावर म्हैसूरचा एक रिटायर मास्तर तिच्यासंगं जुन्या तारेसारखं टिक-टिक करत बोलला. त्याच्याकडं ढग भरून आले होते म्हने. ते एवढं दूर जाते कसं, मले अजूनबी उमजलं नाही.

डब्ब्यावर एक बारीक लाल बत्ती हाये. आपल्या मोटरची बत्ती लागली का काम चालू. हिचं उलटं. टीना गँग फिरवते, फिरवते, अन् बत्ती विझली का म्हनते, जुळलं! काहून, इचारलं, तर वापस येनाऱ्या ताकदीवरच ती बत्ती जळते. म्हंजे विझली तर सारी ताकद बाहेर गेली. घ्या!

मांगच्या हप्त्यात तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाले तार बांधली. शेजारचे केशवराव काठी घेऊन धावत आले. "कृष्णराव, रानडुकरायले करंट लावला का? मानूस मरंल ना!" त्यायले दाखवाले मी तारेचं टोक हातात धरलं. टीना वरडली, "मामाजी, सोडा!" बोटाले असा चटका बसला! पन केशवरावासमोर हूं का चूं केलं नाही. मंग पाह्यलं, नुसता हात जवळ नेला तरी बत्ती लागे, काढला का विझे. मानसाच्या हातानंबी जुळनी बिघडते, सांग! आमी दोघं म्हातारे हात नेऊन-आनून पाहत राहिलो, अन् टीना हासून हासून बेजार.

तुह्या फोननंतर ती तशी हासली नाही. आज सकाळी तुमसरचा गिऱ्हाईक आला. तिनं रेडिओ अन् डब्बा पुसून, जुन्या लुगड्यात बांधून तयार ठेवला होता. बांधलेली गाठ तिनं दोनदा सोडून पाह्यली, ते मले पाहवलं नाही. त्या मानसाले चहा पाजला अन् वापस पाठवलं. तिले इचारलं नाही, तुलेबी इचारत नाही. ती आत गेली. रागावली का खुश हाये, काही समजत नाही. पन गठोडं तिनं आपल्या बॅगीत कपड्याच्या मधात ठेवलं, हे मी पाह्यलं. आयतवारी ती येते, डब्ब्यासकट. गच्चीवर तार बांधाले एक खांब पाहून ठेव. ते जमत नसंल तर आजच फोन कर, मी तिचं तिकीट वापस करतो. सून माह्याकडं राहील.

तुहाच,
बाबा