एका नावाचे दोन कॉम्प्युटर

बाबा,

तुमचा छान डोळा लागला होता, खिडकीचा पडदा तुमच्या पावलांवर हलत होता, म्हणून उठवलं नाही. फाइल्स शेअर का होत नव्हत्या, ते सापडलं. मी उगाच तुमच्या कॉम्प्युटरच्या जुन्या व्हर्जनवर खापर फोडलं. माझ्या लॅपटॉपचं नाव मी 'ठकू' ठेवलं होतं. तुमच्या कॉम्प्युटरलाही तुम्ही माझंच लाडाचं नाव दिलंय, हे मला कुठे ठाऊक! नेटवर्कवर एका नावाचे दोन चालत नाहीत. माझ्याचं बदललं, आणि तुम्ही काढलेले ढगांचे फोटो एकेक करत तरंगत आले. बघतच बसले. नोकरीच्या गावी सोबत नेतेय. काल फार बोलले, मनावर घेऊ नका.

तुमच्याचं नाव मात्र बदलू नका. घरात एक ठकू असू दे.