मूत्राशयाची भिंत

बाबा,

स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर 10च्या आपल्या क्वार्टरमध्ये बाथरूमची भिंत पातळ होती आणि माझे कान तिखट. तुमची धार तुटत तुटत पडायची, थांबायची, मग तुमचं कुंथणं ऐकू यायचं. आज मी मोटरचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलं की नाही ते सांगतो, गिऱ्हाईक खूश होतं. ते कान तिथेच तयार झाले.

एकदा विचारलं, तर म्हणालात, "तुले कावून पंचायत? क्रेनवर आठ घंटे बसून दाखव, मंग बोल." प्लांटमध्ये बदलीचा माणूस वर चढेपर्यंत केबिन सोडायची नाही, लघवी दाबून धरायची, याचा तुम्हाला केवढा तोरा. प्लांटचा दवाखाना फुकट होता. पण तिथे गेलं की अनफिट लिहितील, क्रेनवरून खाली उतरवतील, ही तुमची भीती. आईला सुनावलंत, "खाली झाडू मारू काय मी?"

रिटायर झाल्यावर एका सकाळी लघवी साफ अडली, दवाखान्यात नळी घालून काढावी लागली. प्रोस्टेटची गाठ वाढलेली होती, ऑपरेशन करून काढली. वाट मोकळी झाली, आता नळी निघेल, असं मी धरून चाललो. नळी काढली. दुपारभर तुम्ही पाणी पीत बसलात आणि थेंब आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून समजावलं. मूत्राशयाच्या भिंतीत लवचिक तंतू असतात. भरलं की ताणतात, रिकामं झालं की जागेवर येतात. वाट अडलेली असली की भिंत जोर लावून लावून जाड होते. वर्षानुवर्षं तेच चाललं की ते तंतू खराब होतात, भिंत निबर होते, आणि मग अडथळा काढला तरी तिचा जोर परतेलच असं नाही. "थोडा पहले ले आते, भैया," त्या म्हणाल्या. मी आणणारा कोण? तुम्ही मला दाराशी उभं राहू दिलं होतं का?

तुंबलेल्या लघवीने किडन्या आधीच खाल्ल्या होत्या. त्या गेल्या, मग तुम्ही गेलात. क्रेन दुसरा कोणी चालवून राहिला होता. राग अजून गेलेला नाही.

पण मधले ते महिने. लघवीची पिशवी लटकवून रोज संध्याकाळी पानठेल्यावर कसं जायचं, म्हणून तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसू लागलात. जन्मात पहिल्यांदा विचारलंत, "तुयं वर्कशॉप कसं चालून राहिलं?" आणि मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलंत.

आईजवळही हे कधी बोललो नाही. नळी परत घातली, त्या दिवशी ती रडली. मला वाईट वाटलं, पण पूर्ण नाही. आता रोज संध्याकाळी तुम्ही घरी सापडणार होता.