तान्ह्या पोळ्याची तारीख

॥ श्री ॥
हिंगणघाट, ११ फेब्रुवारी १९५७

चि. सदाशिव यास डोमाजीमामाचे आशीर्वाद.

राग ओसरला की लिहू म्हणत होतो. ओसरत नाही, म्हणून तसाच लिहितो. अक्षर लागलं नाही तर तुझ्या बायकोकडून वाचून घे. सुलोचना तुझ्यापेक्षा हुशार आहे हे मी लग्नातच ओळखलं होतं.

तुझ्या मायला, आमच्या जिजीला, आंजीहून मुंबईला आणलं, छातीतली गाठ काढली, आता विजेचे शेक चालू आहेत. इथवर ठीक. मी आठवडाभर त्या इस्पितळाच्या बाकावर बसून आलो. माझे कान कापसाच्या जिनच्या खडखडाटात तयार झालेले; हमाल होतो तेव्हापासून कोणत्या यंत्राचा पट्टा सैल झाला ते मी दारातूनच सांगतो. जिजीच्या शेजारच्या खाटेवर साताऱ्याची एक बाई आहे. तिला शेकाबरोबर सुई मिळते. जिजीला मिळत नाही. गाठ तीच, ऑपरेशन तेच, डॉक्टर तोच. नर्सबाईला विचारलं तर म्हणाली, तुमच्या बहिणीचा रकाना वेगळा.

रकाना कसला? माझी बहीण काय वखारीतला माल आहे? वशिल्याचा प्रश्न असेल तर तसं कळव, वशिला आम्हालाही शोधता येतो. तू मोठ्या डॉक्टरांना गाठ आणि विचार. शर्टाची बटणं लावून, मान वर करून विचार, कारकुनासारखा दारात उभा राहू नकोस.

राग डॉक्टरवर आहे, तुझ्यावर अजून नाही. तोवर लोभ शाबूत आहे असं समज.

तुझा,
डोमाजीमामा


मुंबई, १५ फेब्रुवारी १९५७

ती. मामाजींचे चरणी सदाशिवचा साष्टांग नमस्कार.

माय बरी आहे. शेकाची जागा लाल झाली आहे, तिथे साडीचा पदर लागला तरी झोंबतं. इथल्या वरणाला ती विहिरीचं पाणी म्हणते, म्हणजे तब्येत फार वाईट नसावी.

डॉक्टरांना भेटलो. बटणं लावली होती. त्यांनी खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं. नुसते शेक चांगले की शेकाबरोबर ही नवी सुई दिली तर रोग परत येत नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणून निम्म्या बायांना दोन्ही देतात, निम्म्यांना नुसते शेक, आणि पुढे पाच वर्षं पाहायचं. कोणाला काय, हे डॉक्टर ठरवत नाहीत, नाहीतर मनात भेदभाव येतो. जन्मतारीख सम असेल तर दोन्ही, विषम असेल तर नुसते शेक. वशिला चालू नये म्हणूनच ही सोय. बायांना काही सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर त्या घाबरतात.

आता एक गोष्ट लिहितो, ती वाचताना जवळ कोणी असू द्यावं. नाव नोंदवताना कारकुनाने मायची जन्मतारीख विचारली. माय म्हणाली, तान्ह्या पोळ्याची. त्याला तान्हा पोळा ठाऊक नव्हता, आणि मागे रांग होती. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, म्हणून मी एक तारीख सांगितली, एक सप्टेंबर. एक म्हणजे विषम. तेव्हा मला रकान्याचं काहीच माहीत नव्हतं.

लोभ कमी झाला असेल हे जाणून आहे. उरलेल्यात सांभाळून घ्यावं.

आपला,
सदाशिव


हिंगणघाट, १८ फेब्रुवारी १९५७

चि. सदाशिव यास,

आशीर्वाद मागाहून. मॅट्रिक झालेल्या माणसाला तिथी आणि तारीख यातला फरक कळू नये? तुला शिकवलं त्या मास्तरला बोलावून मी जिनमध्ये सरकी उपसायला लावणार आहे.

दिल्लीदरबाराच्या पुढल्या वर्षीचा, म्हणजे १९१२ सालचा, तान्हा पोळा. मी लाकडी नंदी ओढत गावभर फिरत होतो आणि कोणीतरी ओरडून सांगितलं की डोम्या, तुले बहीण झाली. अण्णाजी जोशींकडे जुनी पंचांगं आहेत. त्यांना जेवणावरून उठवलं आणि पाहून घेतलं. बारा सप्टेंबर. बारा म्हणजे सम. तुझ्या प्रतिपदेने माझ्या बहिणीची सुई घालवली.

आणि त्या डॉक्टरला माझा निरोप सांग. त्याची रीत मला कळत नाही असं समजू नये. नवीन चामड्याचे रूळ आले तेव्हा मीही निम्म्या यंत्रांवर नवे लावले, निम्म्यांवर जुने ठेवले, आणि रुई पाहून ठरवलं. दुसरा उपाय नाही, हे मी मान्य करतो. पण कापसाला विचारावं लागत नाही, बाईला विचारावं लागतं. म्हणे घाबरतात! नवरा गेल्यावर एकटीने बारा एकर वाहणारी बाई आहे ती. साप निघाला तर विळ्याने बाजूला सारून निंदण पुरं करते. तिला घाबरवणारा डॉक्टर अजून जन्मायचा आहे.

उद्याच्या उद्या जाऊन तारीख दुरुस्त कर आणि सुई चालू कर. सबब ऐकणार नाही. लोभ हवा असेल तर आधी हे काम.

डोमाजी


मुंबई, २२ फेब्रुवारी १९५७

दादाले जिजीचा नमस्कार.

मी सांगून राह्यली अन् सुलोचना लिहून राह्यली. तिले म्हटलं, सुधरवू नको, दादाले माहा आवाज आला पाह्यजे.

तुहं पत्र सदाशिव मले वाचून दाखवत नव्हता. सुलोचनेनं दाखवलं. मंग मी सोता डॉक्टरकडे गेली, पोराले बाहेर बसवलं. डॉक्टरले म्हटलं, साहेब, माह्या अंगाले काय लावायचं ते तुम्ही तारखेले विचारलं, मले काऊन नाई विचारलं? तो म्हणे, बाई, तुम्ही घाबरल्या असत्या. मी म्हटलं, गाठ हाताले लागली त्याच दिवशी माहं घाबरून झालं, आता तुमची पाळी.

मंग त्यानं समदं सांगितलं. सुईनं रक्त पातळ पडते, तोंड येते, ताप चढते. कोणाले सोसते, कोणाले नाई. तू जिचा हेवा केला ते साताऱ्याची बाई तापानं फणफणून राह्यली, काल तिले येगळ्या खोलीत नेलं. माह्याशी रोज बोले, आता तिची खाट रिकामी हाय. अन् खिडकीजवळच्या बाईले तेच सुई चालू हाय तर ते गाणे म्हणत फिरते. कोणतं बरं, म्हणून विचारलं. तो म्हणे, मले माहीत असतं तर रकाने कायले पाडले असते? हे मात्र तो खरं बोलला.

दादा, कापसाले विचारा लागत नाई, बाईले लागते, हे तूनं लिहिलं ते वाचून मले लय बरं वाटलं. सुलोचनेले दोनदा वाचाले लावलं. मंग म्हटलं, पुढं वाच. पुढं तूनं सदाशिवले हुकूम सोडला की उद्याच्या उद्या सुई चालू कर. त्या डॉक्टरनं मले विचारलं नाई. तूनं तरी कुठं विचारलं?

मी एक दिवस मागून घेतला अन् मंग सांगितलं. तारीख खरी लिहा, बारा. सुई घेतो. पण बारा तारीख हाय म्हणून नाई, मी हो म्हटलं म्हणून. सदाशिवची मीरा आता पाळण्यात हाय. तिच्यावर असा वखत आला तर त्या वेळच्या डॉक्टरनं 'माहीत नाई' म्हणू नये. अन् बाकीच्या बायांलेबी विचारा, नाईतर मीच खाटेखाटेवर जाऊन सांगीन. तो म्हणे, विचारतो. विचारते का नाई, ते पाहून राह्यली.

सोमवारी पयली सुई हाय. तुह्यावर राग हाय, तो राहू दे. मायाबी हाय, तेबी राहू दे.

तुही,
जिजी


हिंगणघाट, २५ फेब्रुवारी १९५७

सौभाग्य गेलं तरी मान ताठ ठेवणाऱ्या माझ्या बहिणीस, जिजीस, दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आज सोमवारी दुपारी हाती पडलं. म्हणजे पहिली सुई टोचून झाली असेल.

वाचलं आणि आधी डॉक्टरला शिव्या दिल्या, मग सदाशिवला, मग अण्णाजी जोशींना, ज्यांचा काही दोष नाही. जिनमध्ये फिटरवर इतका ओरडलो की यंत्रं चालू असून हमालांना ऐकू गेलं. मग टोपी घालून तार करायला धावलो. साताऱ्याच्या बाईचा ताप वाचला होता; पुढची सुई घेऊ नको, एवढंच लिहायचं होतं. दोन आठवडे मी ज्या सुईसाठी भांडलो, तीच थांबवायला निघालो होतो. तारमास्तरने विचारलं, काय लिहू? मी तोंड उघडलं, आणि मला तुझं ते 'तूनं तरी कुठं विचारलं?' ऐकू आलं, तुझ्याच आवाजात. सुलोचनेने काही सुधारलं नव्हतं. मास्तरला म्हटलं, काही नाही, आणि परत आलो.

पंचवीस वर्षं मी या जिनमध्ये हुकूम सोडतो आहे, त्यामुळे विचारायचं कसं ते जिभेला वळत नाही. राग अजून गेलेला नाही. त्या रोगावर आहे, त्याला शिव्या देऊन भागत नाही, आणि माझे हात इथे रिकामे आहेत. साताऱ्याच्या त्या बाईचं कसं आहे ते कळव. मी तिचा हेवा केला होता, हे तिला सांगू नकोस.

ताप चढला तर तुझ्या उशाशी बसायला माणूस लागेल. सदाशिवला कचेरी आहे, सुलोचनेला मीरा आहे. मी फार बोलतो, नर्सबाईंशी भांडतो, हे तू मागल्या खेपेला पाहिलंच आहेस.

तरी, जिजे, मी येऊ का?

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
दादा